ओपन सोर्स प्रकल्पाची आचारसंहिता कशी लिहावी: सुरुवात तक्रारीच्या कलमापासून

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पात, आचारसंहितेची फाइल दोन प्रसंगी उघडली जाते. नवा माणूस प्रकल्पात येतो तेव्हा ती वरवर चाळतो. आणि ज्याला त्रास झालाय तो ती ओळ न् ओळ वाचतो. या दुसऱ्या वाचकाला तीनच गोष्टी हव्या असतात: सांगायचं कुणाला, सांगितल्यावर होणार काय, आणि आपलं नाव फुटणार तर नाही ना. बहुतेक संहितांमध्ये आदर, सौहार्द, समावेशकता यांवर पानभर मजकूर असतो आणि या तीन प्रश्नांना मिळून एक ओळ. म्हणून लिहिताना क्रम उलटा धरा. तक्रारीचं कलम आधी, मूल्यांचा परिच्छेद सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी एक प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवू. समजा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाऱ्याचा अंदाज मराठी-मालवणीत दाखवणारं ॲप आहे. कोड लिहिणारे काही रत्नागिरी-कुडाळकडचे विद्यार्थी, काही मूळचे चिपळूण-दापोलीचे पण नोकरीला पुण्या-मुंबईत. मालवणी अनुवाद करणाऱ्या दोघी. ॲप वापरून चुका कळवणारे हर्णै आणि मालवणचे मच्छीमार. सगळी मिळून वीसेक माणसं. एवढ्याशा गटाला लेखी नियम कशाला, असं कुणालाही वाटेल. पण लहान गटालाच ते जास्त लागतात. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी विद्यार्थी, भाऊ किंवा शेजारी असतो आणि त्याच ओळखीपोटी तक्रार घशातच अडकते.

१. बोलणं कुठे कुठे चालतं, त्याची यादी करा

गिटहब किंवा गिटलॅबवरची रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवायची ऑनलाइन जागा, सगळ्यांना आठवते. भांडणं मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे होतात: व्हॉट्सॲप ग्रुपवर, टेलिग्रामवर, महिन्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये, कॉलेजच्या लॅबमध्ये भरलेल्या दिवसभराच्या शिबिरात, शिबिरानंतरच्या जेवणावळीत. ही ठिकाणं नावानिशी लिहा. प्रकल्पाच्या कामातून ओळख झालेल्या व्यक्तीला खासगी संदेश पाठवून दिलेला त्रासही संहितेच्या कक्षेत येतो, हे वेगळं वाक्य करून लिहा. ते नसेल तर ‘हा त्यांचा आपसातला मामला आहे’ म्हणून हात झटकले जातात.

२. तक्रार घेणारी माणसं नेमा

हे काम मसुद्याच्या आधीचं. तीन माणसं पुरतात. तिघं एकाच कॉलेजची, एकाच गावची किंवा एकाच कंपनीतली नकोत, निदान एक स्त्री हवी आणि एक जण कोड लिहिणाऱ्यांच्या बाहेरचा हवा, आपल्या उदाहरणात अनुवादकांपैकी किंवा मच्छीमारांपैकी. ज्याने प्रकल्प सुरू केला तो या तिघांत नसलेलाच बरा. बहुतेक वेळा सर्वांत जास्त कोड रिव्ह्यू (दुसऱ्याचा कोड तपासून दिलेले शेरे) त्याचेच असतात, आणि दुखावणारे शब्द रिव्ह्यूतच जातात.

मग बाजूला होण्याचा नियम लिहा. कोकणात तो कलमाच्या तळाशी टाकून चालत नाही. नातं, एकाच वाडीत घर, शिक्षक-विद्यार्थी संबंध, नोकरीतला वरिष्ठ, भागीदारी, यांपैकी काहीही असेल तर समितीच्या त्या सदस्याने त्या प्रकरणाचा कागदही पाहायचा नाही. त्याच्या जागी कोण येईल तेही आधीच ठरवा. दुसऱ्या एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पातल्या अनुभवी व्यक्तीला ‘बाहेरचा सदस्य’ म्हणून विचारून ठेवणं सोयीचं पडतं. दोन प्रकल्प एकमेकांसाठी हे काम करू शकतात.

संपर्कासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा आणि तो तिघांनाच उघडता येईल असं पाहा. प्रकल्पाचा सर्वसाधारण ईमेल चालत नाही, कारण त्याचा पासवर्ड पाच-सात जणांकडे असतो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्यातलाच निघू शकतो. जोडीला प्रत्येक सदस्याचा स्वतंत्र पत्ता द्या, म्हणजे तक्रारदाराला तिघांपैकी एकालाच सांगण्याची मोकळीक राहते. टंकलेखन न जमणाऱ्यासाठी व्हॉइस मेसेज किंवा फोनवरून सांगितलेली तक्रारही धरली जाईल, असं लिहा. मच्छीमारांना ‘सविस्तर ईमेल करा’ म्हणणं म्हणजे त्यांना दार बंद करणं.

३. तयार नमुना घ्या, पण त्यातल्या रिकाम्या जागा भरा

कोऱ्या कागदावरून सुरुवात करायची गरज नाही. कोरलाइन अडा एमकी यांनी २०१४ मध्ये ‘काँट्रिब्युटर कव्हेनंट’ हा नमुना तयार केला. तो जगभरातल्या हजारो प्रकल्पांनी घेतलाय. २०१८ मध्ये लिनक्स कर्नलनेही, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पानेही, घेतला. त्याची २.१ ही आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे, म्हणजे मूळ नमुन्याचं श्रेय आणि दुवा देऊन तुम्ही तो बदलू शकता. वेबसाइट बनवण्याच्या जँगो या साधनाच्या प्रकल्पाची संहिताही याच रीतीने वापरता येते.

नमुना उतरवताना होणारी सर्वांत नेहमीची चूक: त्यात चौकटी कंसात ‘इन्सर्ट कॉन्टॅक्ट मेथड’ असं लिहिलेली जागा असते, तुमचा संपर्क टाकण्यासाठी. असंख्य रिपॉझिटरीत ती तशीच राहिलेली दिसते. त्रास झालेल्या माणसाला तिथे कंस दिसतो आणि तो फाइल बंद करतो. मजकूर चढवण्याआधी चौकटी कंस शोधा, एकही उरू देऊ नका.

४. न चालणारं वागणं तुमच्या शब्दांत लिहा

नमुन्यातली यादी ठेवा: लैंगिक शेरेबाजी, धमक्या, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर परवानगीशिवाय उघड करणं, पिच्छा पुरवणं. पण ‘असभ्य वर्तन’ एवढ्यावर थांबलात तर अर्थ ज्याचा त्याने लावायचा. आपल्याकडे प्रत्यक्ष घडतं ते लिहा.

मालवणी मुलखात शिवी ही मैत्रीचीही भाषा आहे. ‘मेल्या, ह्या काय करून ठेवलंस!’ यात आपुलकी असते आणि ती सगळ्यांना कळते. पण तेच वाक्य पुल रिक्वेस्टखाली, म्हणजे कुणी पाठवलेल्या बदलाच्या प्रस्तावाखाली, लिहिलं की ते कायमचं राहतं, आणि नागपूरची किंवा केरळची नवी मुलगी ते फक्त लेखी वाचते, त्यातला सूर तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शिव्यांवर सरसकट बंदीपेक्षा ठिकाणानुसार नियम टिकतो: सार्वजनिक रिपॉझिटरीत कोणतीही शिवी नाही, आणि इतरत्र समोरच्याने एकदा ‘नको’ म्हटलं की नाही.

दुसरी गोष्ट आडनावाची. ‘तुम्ही कुठले? आडनाव काय? मूळ गाव?’ ही चौकशी इथे ओळख वाढवण्यासाठी होते आणि जात काढण्यासाठीही होते. संहितेत स्पष्ट लिहा: जात, पोटजात, धर्म काढण्यासाठी केलेली विचारपूस आणि त्यावरून केलेला विनोद चालणार नाही. एखाद्याला फक्त टोपणनावाने काम करायचं असेल तर त्याला खरं नाव विचारायचं नाही, हेही जोडा.

तिसरी, कोड रिव्ह्यूची भाषा. नियमाखाली उदाहरणांची जोडी दिली की वाद कमी होतात. न चालणारं: ‘हे काय लिहिलंय? कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला?’ चालणारं: ‘ओहोटी रात्री बारानंतर गेली की या फंक्शनमध्ये तारीख पुढे सरकत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे ही अडचण दर पंधरवड्याला दिसेल. मध्यरात्र ओलांडणारी एक चाचणी जोडाल का?’ दुसऱ्या वाक्यातली टीका जास्त कडक आहे, पण ती कोडवर आहे. कठोर तांत्रिक टीका चालेल, हे संहितेत लिहायलाच हवं. नाहीतर ‘माझी पुल रिक्वेस्ट नाकारली’ हीसुद्धा तक्रार होते.

५. तक्रारीची वाट, दिवसांसकट

मुदती अशा घाला की पाळता येतील. तक्रार पोचल्याचं उत्तर तीन दिवसांत. दोन्ही बाजूंचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकून निर्णय एकवीस दिवसांत. उशीर होणार असेल तर तसं तक्रारदाराला कळवायचं. नमुन्यांतून उचललेली ‘चोवीस तासांत उत्तर’ ही ओळ गणपतीत आणि शिमग्याला पहिल्यांदा मोडते, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसली की पुन्हा. म्हणून तिघांपैकी एक जण कोकणाबाहेर राहणारा असावा आणि सणांत जबाबदारी कुणाकडे, ते आधी ठरवावं.

पुरावा लगेच जपावा लागतो. टेलिग्रामवर एका बाजूचा माणूस दोन्हीकडचे संदेश पुसू शकतो, व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी हटवा’ आहेच. गिटहबवर टिप्पणी बदलली तर बदलांचा इतिहास दिसतो, पण तोही पुसता येतो. तेव्हा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ही पहिली सूचना असू द्या. मात्र पुरावा नाही म्हणून तक्रार परत पाठवू नका, समोरासमोर घडलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट नसतो.

वाद चालू असतानाच तो थंड करायची साधनंही लिहून ठेवा. गिटहबवर चर्चा कुलूपबंद करता येते, आणि नव्या किंवा बाहेरच्या खात्यांना चोवीस तासांपासून सहा महिन्यांपर्यंत ठरावीक काळ टिप्पणी करण्यापासून रोखता येतं. हे करणं म्हणजे निकाल देणं नव्हे, असं त्याच वाक्यात म्हणा.

आणि एक गोष्ट ठामपणे टाळा. ‘दोघांना समोर बसवू, चहा घेऊ, मिटवून टाकू’ ही गावकीची सवय तांत्रिक मतभेदाला ठीक आहे, छळाच्या तक्रारीला नाही. ज्याला त्रास झाला त्याला त्रास देणाऱ्यासमोर बसायला लावलं की तो सगळ्यांसमोर ‘काही नाही, मिटलं’ म्हणतो आणि महिन्याभरात प्रकल्प सोडतो. समेटाची बैठक तक्रारदाराने स्वतः मागितली तरच घ्यायची.

६. कारवाईच्या पायऱ्या

काँट्रिब्युटर कव्हेनंटच्या २.१ आवृत्तीत चार पायऱ्या आहेत: समज, इशारा, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. त्या तशाच घ्या, पण प्रत्येकीपुढे काळ आणि अधिकार लिहा. उदाहरणार्थ, तात्पुरती बंदी तीस दिवस, त्या काळात कमिटचा (प्रकल्पाच्या कोडमध्ये थेट बदल करण्याचा) हक्क आणि सर्व ग्रुपमधली जागा स्थगित. कायमच्या बंदीला समितीचं एकमत हवं आणि वर्षानंतर फेरविचाराचा अर्ज करता यावा. सार्वजनिक माफीची सक्ती ठेवू नका. त्यातून तक्रारदाराचं नाव उघड होतं.

बंदीची हद्द लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. वाळीत टाकणं म्हणजे काय हे रायगड-रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदाच केला. प्रकल्पाची बंदी त्या वाटेने जाता कामा नये: ती फक्त प्रकल्पाच्या जागांपुरती, लेखी कारणासह, आणि अपिलाची सोय असलेली हवी. बंदी घातलेल्या माणसाशी इतरांनी बोलू नये, त्याला दुसरीकडे काम मिळू नये, असं समितीने सुचवायचंही नाही. कोड मुक्त परवान्याखाली असल्याने तो वापरण्याचा आणि त्याची वेगळी शाखा काढण्याचा त्याचा हक्क तसाच राहतो.

प्रकल्पाचा संस्थापक आणि स्वतः समिती यांनाही हेच नियम लागू आहेत, हे नाव घेऊन लिहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या नियमन पथकाने, म्हणजे संहितेची अंमलबजावणी पाहणाऱ्या गटाने, एकत्र राजीनामा दिला. मुख्य पथक स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही, हे त्यांनी कारण सांगितलं होतं. संहिता उत्तम होती, पण वरच्या माणसांपर्यंत ती पोचत नव्हती.

७. कायदा कुठे सुरू होतो

समिती म्हणजे पोलीस नाही, न्यायालय नाही. गटात अठराच्या आतली मुलं असतील, आणि पॉलिटेक्निक किंवा ज्युनिअर कॉलेजची मुलं असतातच, तर पॉक्सो कायदा २०१२ लक्षात ठेवा. बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेचं वचन देता येत नाही, म्हणून ‘सर्व तक्रारी पूर्णपणे गुप्त राहतील’ असं सरसकट लिहू नका. घटना एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात घडली तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालच्या तिथल्या अंतर्गत समितीकडे जाण्याचा तक्रारदार स्त्रीचा हक्क अबाधित आहे, आणि तिथली मुदत साधारण तीन महिन्यांची असते. ती वाया जाऊ नये म्हणून पहिल्याच उत्तरात सांगा.

८. मसुदा सगळ्यांसमोर ठेवा, मग लावा

मसुदा पुल रिक्वेस्ट म्हणून टाका आणि दोन आठवडे उघडा ठेवा. लिनक्सवर चालणारी प्रणाली बनवणाऱ्या डेबियन प्रकल्पाने २०१४ मध्ये आपली संहिता सदस्यांच्या मतदानाने स्वीकारली. लिनक्स कर्नलने २०१८ मध्ये ती फारशी जाहीर चर्चा न करता आणली, गदारोळ झाला आणि पुढच्याच महिन्यात अर्थ उलगडणारा स्वतंत्र दस्तऐवज जोडावा लागला. मच्छीमारांचं मत गिटहबवर मिळणार नाही. जून-जुलैतल्या मासेमारी बंदीत ते किनाऱ्यावर असतात, तेव्हा बंदरावर जाऊन मोठ्याने वाचून दाखवा. जे वाक्य पुन्हा समजावावं लागेल ते तिथेच बदला.

लावण्याआधी एक रंगीत तालीम करा: काल्पनिक तक्रार त्या ईमेलवर पाठवायची आणि समितीने ती शेवटपर्यंत न्यायची. पासवर्ड एकाकडेच आहे, त्या पत्त्यावरची मेल स्पॅममध्ये जातेय, दोन सदस्य एकाच माणसाचे नातेवाईक आहेत, हे सगळं याच वेळी कळतं.

फाइल रिपॉझिटरीच्या मुळाशी (सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये), ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये किंवा ‘डॉट गिटहब’ फोल्डरमध्ये ठेवली आणि तिला ‘कोड ऑफ कंडक्ट’ हेच ठरलेलं इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून दिलं, तर गिटहब ती ओळखतं. मराठी मजकूर आधी, इंग्रजी खाली. दोन्हींत फरक पडला तर कोणता ग्राह्य, ते लिहा. ग्रुपवर पिन करा आणि शिबिराच्या सुरुवातीला समितीची नावं मोठ्याने सांगा.

वर्षातून एकदा संहिता पुन्हा वाचा, समितीतला एक जण बदला, आणि किती तक्रारी आल्या याचा आढावा जाहीर करा. वीस माणसांच्या गटात मात्र ‘एक तक्रार, एक तात्पुरती बंदी’ एवढं लिहिलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं. तेव्हा पाचपेक्षा कमी प्रकरणं असतील तर नेमका आकडा आणि निकाल देऊ नका. ‘पाचपेक्षा कमी तक्रारी आल्या, सर्वांवर मुदतीत निर्णय झाला’ एवढंच लिहा, आणि मुदत चुकली असेल तर तेही लिहा.