पीओ घेण्याआधी जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघा

भोसरीत माझं शीटमेटलचं छोटं वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी एका नव्या गिऱ्हाइकाला साठ दिवसांच्या उधारीवर पॅनेल बॉक्स दिले. लेटरहेडवर ठसठशीत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतं. पैसे थकले तेव्हा वकीलबाईंनी पीओवरचा, म्हणजे त्याच्या खरेदी ऑर्डरवरचा, जीएसटी नंबर बघितला आणि सहाव्या अक्षरावर पेन टेकवलं. ‘पी’. कंपनी नव्हतीच, एका माणसाच्या नावावरचा धंदा होता. ते अक्षर माझ्या टेबलावर दोन महिने पडून होतं.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र 27, गोवा 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर इथे सहावं येतं. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), ‘पी’ म्हणजे व्यक्ती. प्रोप्रायटर असण्यात वावगं काही नाही, मीही प्रोप्रायटरच आहे. पण कागदावर तसं लिहायला हवं.

मग जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’ला हाच नंबर टाका, लॉगिन लागत नाही. कायदेशीर नाव पीओवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. नोंदणी चालू आहे की रद्द, तेही दिसतं. रिटर्नचा तक्ता जरूर उघडा. मधले महिने गायब असतील तर मी उधारी देत नाही. माल आपण घेणार असू तर हे आणखी महत्त्वाचं, कारण समोरच्याने रिटर्न भरलं नाही की आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं.

कंपनी असेल तर लेटरहेडवर एकवीस अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असायलाच हवा, तसा कायदा आहे. त्यातले नवव्या ते बाराव्या जागेवरचे आकडे स्थापनेचं साल सांगतात. ‘वीस वर्षांचा अनुभव’ म्हणणाऱ्याच्या सीआयएनमध्ये 2022 दिसलं तर सरळ विचारा. एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलच्या मास्टर डेटात कंपनी ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे का, शेवटचा ताळेबंद कुठल्या सालचा आणि बँकेचा बोजा किती, हे बघा. करारावर सही करणारा संचालकांच्या यादीत नसेल तर बोर्डाचा ठराव मागा.

भागीदारी फर्मकडून नोंदणीचा दाखला घ्या. हे सगळं झालं की त्या पानांची तारखेसकट प्रिंट मी पीओच्याच फाइलला लावते.