एचएसपी७० वर काम सुरू करताना: सत्तरचा बँड नेमका कोणाचा?

ठाण्या-नवी मुंबईतील महाविद्यालयांतून जीवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करून, नेट किंवा गेटची तयारी सांभाळत एखाद्या प्रयोगशाळेत पहिला प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. पेशीला उष्णतेचा ताण बसला की एचएसएफ१ हे नियामक प्रथिन जागे होते आणि इतर प्रथिनांना घडी पाडायला मदत करणारी शॅपरोन प्रथिने (एचएसपी७० त्यांतलेच) वाढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. मानवी एचएसपी७० हातात आल्यानंतर जी अडचण समोर येते आणि जिच्यापायी माझा बराच काळ गेला, तिच्याबद्दलच मुख्यतः सांगायचे आहे.

आधी रचनेबद्दल. पाठ्यपुस्तकातील एचएसपी७० चे चित्र पाहून ते सगळे माणसाचे आहे असे समजू नका. एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, धरणाऱ्या खंडाची पहिली स्फटिकरचना १९९० साली आली, ती गाईच्या एचएससी७० या भावंड प्रथिनाची होती, आणि त्या खंडाची घडी ॲक्टिनशी जुळते हे लक्षात आल्यावर अनेकांना आश्चर्य वाटले. उलगडलेल्या प्रथिनाचा तुकडा पकडणाऱ्या खंडाची रचना १९९६ मध्ये मिळाली, ती ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएकेची, म्हणजे त्याच्या एचएसपी७० ची. एटीपी बसल्यावर या दुसऱ्या खंडावरचे झाकण उघडून पहिल्या खंडाला कसे चिकटते, हे २०१२-१३ मध्ये पुन्हा डीएनएकेवरच दिसले. मानवी कुळातील बिपची एटीपीसह पूर्ण रचना २०१५ ची आहे, पण बिप हे अंतर्द्रव्य जालिकेत राहणारे भावंड आहे, पेशीद्रव्यातील एचएसपी७० नव्हे. त्यामुळे कोणतीही रचना उघडताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या: ती कोणत्या जीवाची आहे, प्रथिनाचा कोणता तुकडा आहे आणि त्यात कोणता न्यूक्लिओटाइड (एटीपी की एडीपी) बसलेला आहे. अमिनो आम्लांचे क्रमांकही सरकतात, कारण मानवी प्रथिनातील लायसीन ७१ डीएनएकेमध्ये ७० व्या जागी येते. प्रथिनांच्या रचनांचे संगणकी भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डपासून सुरुवात करण्याची जी टूम निघाली आहे ती मला मान्य नाही, कारण डेटाबेसमधील त्याची प्रतिकृती एकच मांडणी दाखवते आणि तिच्यात न्यूक्लिओटाइड नसतो, तर या प्रथिनाचे सारे काम दोन मांडण्यांमधल्या ये-जा करण्यावर चालते.

ती ये-जा थोडक्यात अशी. ६४१ अमिनो आम्लांच्या एचएसपीए१ए मध्ये, म्हणजे ताणात वाढणाऱ्या मानवी एचएसपी७० मध्ये, पहिली सुमारे ३८० एटीपीच्या खंडात जातात, पुढे ल्युसीनने भरलेला छोटा दुवा, मग पेप्टाइडची खाच, तिच्यावरचे झाकण आणि शेवटी ईईव्हीडी या चार अक्षरांवर संपणारे सैल शेपूट. एटीपी असताना झाकण उघडे असते आणि पेप्टाइड पटकन येते-जाते. एटीपी फुटून एडीपी झाला की झाकण मिटते आणि पेप्टाइड घट्ट धरले जाते. डीएनएजे कुळातील सहकारी प्रथिने (माणसातले डीएनएजेबी१ त्यांपैकीच) आपल्या जे-खंडाने एटीपी फोडण्याचा वेग वाढवतात, तर बॅग१ किंवा एचएसपी११० सारखी प्रथिने एडीपी बाहेर काढतात. एवढे समजण्यास एक संध्याकाळ पुरते.

अडचण शुद्धीकरणात आहे. आपण मानवी जनुक ई. कोलायमध्ये घालतो, सहा हिस्टिडीनची शेपटी जोडतो, हिस्टिडीनला धरणाऱ्या निकेल कॉलमवरून प्रथिन उतरवतो आणि प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर सत्तर किलोडाल्टनपाशी जाड, देखणा बँड पाहून समाधान मानतो. मात्र ई. कोलायकडे स्वतःचे एचएसपी७० असते, म्हणजेच डीएनएके, आणि ते ६३८ अमिनो आम्लांचे आहे. मानवी प्रथिनाशी त्याचा फरक एखाद्या किलोडाल्टनच्या घरातला असल्याने नेहमीच्या जेलवर दोघे एकाच बँडमध्ये मिसळतात. त्यातच, परके प्रथिन भरमसाट बनवायला लावल्याने जीवाणूच तणावाखाली येऊ शकतो आणि तणावात वाढणाऱ्या प्रथिनांत डीएनएके पुढे असते. शिवाय अर्धवट घडी पडलेल्या प्रथिनाला चिकटणे हा त्याचा स्वभावच आहे, त्यामुळे ते तुमच्या प्रथिनाला धरून कॉलमवर बसते आणि त्याच्याबरोबरच उतरते. जेल स्वच्छ दिसणे हा येथे पुरावा होऊ शकत नाही, ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला कमीच वाटते.

याने इतके का बिघडते, हे एटीपी फोडण्याच्या वेगावरून कळेल. एकट्या एचएसपी७० च्या एका रेणूला एक एटीपी फोडण्यास काही मिनिटे लागतात. इतक्या मंद प्रथिनाबरोबर एखादे वेगवान फॉस्फेटेज नगण्य प्रमाणात आले, तरी सुटलेला फॉस्फेट मोजणाऱ्या मॅलाकाइट ग्रीन चाचणीचा हिरवा रंग त्याचाच असू शकतो. डीएनएके स्वतः मंदच असते, पण ते जे-खंडाला प्रतिसाद देते, आणि जे-खंड जीवाणूपासून माणसापर्यंत जपला गेलेला आहे. म्हणून ‘डीएनएजेबी१ घातल्यावर वेग वाढला, अर्थात प्रथिन माझेच आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. आलेख सुंदर येतो, मार्गदर्शक खूश होतात आणि कोणाचा वेग मोजला हा प्रश्न तसाच राहतो. प्रयोगशाळेतील वरिष्ठांनी ‘आमच्याकडे हा प्रोटोकॉल वर्षानुवर्षे चालतो’ असे सांगितले, तर नम्रपणे ऐकून घ्या आणि तरीही तपासा. प्रोटोकॉल चालतो म्हणजे प्रथिन उतरते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

तपासायचे कसे? माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्रथिनाच्या सुरुवातीला हिस्टिडीनसह सुमो हे नंतर कापून टाकता येणारे छोटे प्रथिन जोडणे. जोडप्रथिनाचा बँड सत्तरच्या बराच वर जातो, त्यामुळे त्याखाली डीएनएके असल्यास उघडे पडते. नंतर सुमो कापून नमुना पुन्हा निकेलवरून सोडला की सुमो मागे राहते आणि मूळ प्रथिन कोणतीही जादा अक्षरे न घेता पुढे येते. शेपटी शेवटच्या टोकाला मात्र जोडू नका. ईईव्हीडी हे टोक चिप आणि हॉप ही सहकारी प्रथिने धरतात, डीएनएजेबी१ लाही ते लागते, आणि तेथे हिस्टिडीन चिकटवल्यावर मिळणारे नकारात्मक निष्कर्ष कोणत्याच कामाचे नसतात. कॉलमवर प्रथिन असतानाच मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि एटीपी असलेल्या बफरने भरपूर धुतले तर चिकटलेले डीएनएके बरेच सुटते. मात्र त्यानंतर तुमच्या प्रथिनातही न्यूक्लिओटाइड अडकून बसतो. तो ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारे रसायन) घालून डायलिसिसने काढावा लागतो, आणि या पायरीला कंटाळणाऱ्यांनी बंधनाचे प्रयोग करू नयेत.

याच्या जोडीला लायसीन ७१ बदललेले उत्परिवर्तित प्रथिन त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये शुद्ध करा. ते एटीपी जवळजवळ फोडत नाही. त्याच्या नळीतही रंग चढला, तर तो रंग पाहुण्यांचा आहे. अर्थात दोन्ही नमुन्यांत पाहुणे सारख्याच प्रमाणात आले असतील असे नाही, म्हणून केवळ वजाबाकी करून आकडा छापू नये. ट्रिप्सिनने तोडून मास स्पेक्ट्रोमेट्री केली की निकाल निश्चित होतो, कारण दोघांची जवळपास निम्मीच अमिनो आम्ले जुळतात आणि वेगळी पेप्टाइडे सहज सापडतात. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: एटीपीच्या खंडाला पोटॅशियम लागते. सगळीकडे सोडियम क्लोराइड वापरले, तर चांगले प्रथिनही मेल्यासारखे वागते. चाचणी फॉस्फेटच मोजते, त्यामुळे फॉस्फेट बफर तीत चालत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे वाचून घाबरू नका. एचएसपी७० तसे सोशिक प्रथिन आहे. ते भरपूर बनते, विरघळलेले राहते आणि काळजी घेतली तर गोठवूनही टिकते. नवशिक्यासाठी याहून पुष्कळ त्रासदायक प्रथिने आहेत.

मात्र पैसे घेऊन काही आठवड्यांत ‘प्रकल्प’ हातात देणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांपासून दूर राहा. तेथे जेलचा फोटो मिळतो, पण बँड कोणाचा हे विचारायला कोणी नसते. ठाणे-पनवेल लोकलने जाता येईल एवढ्या अंतरावर, खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे आणि तेथील पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटकडे नोंदवली जाते. अशा ठिकाणी किंवा विद्यापीठात अर्ज करताना, ज्यांच्याकडे जाणार आहात त्यांच्याच विद्यार्थ्यांशी आधी बोला आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी नमुना देण्याची परवानगी किती सहज मिळते ते विचारा. माझ्या लेखी मार्गदर्शक निवडण्याची ही कसोटी प्रकाशनांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

एटीपीचा वेग पटल्यावरच घडी पाडण्याच्या चाचणीकडे वळा. काजव्याचे ल्युसिफरेज उष्णतेने किंवा रसायनाने बिघडवून ते परत उजळते का, हे पाहतात. केवळ एचएसपी७० घालून उजेड फारसा परत येत नाही. डीएनएजेबी१ आणि एपीजी२ (एचएसपी११० कुळातले प्रथिन) दोन्ही लागतात, आणि त्यांचे एचएसपी७० शी असलेले प्रमाण बदलत पाहावे लागते, कारण यातले काही गरजेपेक्षा जास्त झाले तरी काम मंदावते. ही दोन्ही प्रथिनेही बहुधा ई. कोलायमध्येच बनवलेली असतात, तेव्हा त्यांच्या नळ्यांतही डीएनएके आहे का ते आधी पाहून घ्या.