जुन्या कुलपाला नवी चावी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, कुठल्या तरी गोणपाटावर बिनचावीचं पितळी कुलूप पडलेलं असतंच. विकणारा म्हणतो, "चावी काय, कुणीही करून देईल." कुणी देत नाही हो. चौकातला चावीवाला चावीवरून चावी काढतो, इथे मुळात चावीच नाही. मी आयुष्यभर फिटरचं काम केलं, आता घरी बसून हाच उद्योग.

आधी कुलूप रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी फडक्यावर उलटं ठेवून निथळू द्या. खोबरेल अजिबात घालू नका. थंडीत थिजतं आणि धूळ धरून बसतं.

मग टॉर्च मारून भोकात बघा. मधोमध खुंटी दिसली तर चावी नळीची हवी, नाहीतर भरीव. आता वाकवलेल्या तारेनं आत चाचपा. पातळ पट्ट्या दबून परत उसळत असतील तर ते लिव्हरचं कुलूप. त्याला रिवेट काढून खोलावं लागतं, प्रत्येक पट्टीची उंची बेतावी लागते. पहिल्याच कुलपाला त्याच्या वाटेला जाऊ नका. काहीच हललं नाही, नुसत्या घट्ट कडा लागल्या, तर सोपं आहे. त्या कडा चुकवून फिरेल अशी चावी करायची, बस.

रुंद पात्याची जुनी लोखंडी चावी घ्या. पातं भोकातून जेमतेम आत जाईल इतकंच घासा. ते मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर धरून काळंकुट्ट करा, गार होऊ द्या, अलगद आत घाला. अडेपर्यंत फिरवा, किंचित दाब द्या, बाहेर काढा. काजळीत जिथे केसाएवढी चकचकीत रेघ उमटली तिथे आतली कड लागते. बारीक कानशीनं तेवढंच, दोन-तीन हात मारून घासा. पुन्हा काजळी, पुन्हा आत. पंधरा-वीस खेपा होतात. एखादं कुलूप अख्खी दुपार खातं.

पात्याच्या बाहेरच्या कडेला मात्र जपून हात लावा. तीच खटका ढकलते. ती आखूड झाली की चावी गरागरा फिरते आणि कुलूप ढिम्म.

आणि पक्कड लावू नका. गेल्या वर्षी बहिणीच्या कोठीचं कुलूप करताना मी घाईत लावली. पातं आतच मोडलं, ते चिमट्यानं काढण्यात संध्याकाळ गेली. वर बहिणीची बोलणी.

चावी फिरली की पेन्सिलीचं शिसं किसून चिमूटभर भोकात फुंका, दहा वेळा उघडझाप करा. त्याच दिवशी दुसरी चावी घासून ठेवा. आता नक्कल करायला समोर एक आहे.