शेकायची पिशवी कधी टाकायची, आणि तोवर कशी वापरायची

घरातले बाकीचे ‘हॉट वॉटर बॅग’ म्हणतात, सासूबाई ‘शेकायची पिशवी’. गेली अकरा वर्षं थंडीत रोज रात्री एक, आणि पावसाने कंबर धरली की दुपारची आणखी एक, असा माझा ती भरण्याचा रतीब चालू आहे. एवढ्या वर्षांत कानावर आलेला सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे, ‘अगं, गळत नाही ना? मग चांगली आहे.’ गळायला लागलेली पिशवी खरं तर त्याआधीच टाकायला हवी होती. आणि पुष्कळ वेळा ती गळत बसतच नाही, एकदम फाटते.

1. तारीख शोधा

पाणी ओतायच्या पसरट तोंडापाशी एक छोटं फूल उठवलेलं आहे का बघा. मधला दोन आकडी अंक म्हणजे बनवल्याचं वर्ष. 23 असेल तर पिशवी 2023 साली बनली. ती 2023 पर्यंत चालेल किंवा 23 महिने टिकेल, असे दोन्ही अर्थ मी ऐकले आहेत, दोन्ही चूक. भोवतीच्या बारा पाकळ्या म्हणजे महिने आणि त्यांतले ठिपके म्हणजे आठवडे, पण त्यात डोकं घालत बसू नका. वर्ष कळलं की पुरे.

हे फूल बीएस 1970 या ब्रिटिश मानकातलं. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या काही पिशव्यांवर ते असतं, काहींवर नसतं. नसेल तर पाकिटावर महिना आणि वर्ष मिळेल. 2011 च्या वजनमाप नियमांप्रमाणे ते छापावंच लागतं. पंचाईत एवढीच की पाकीट आपण घरी येताच फेकतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी खोळीच्या कोपऱ्यावर न जाणाऱ्या शाईच्या पेनाने महिना-वर्ष घालते. वापरायला लागल्यापासून दोन वर्षं झाली की पिशवी बाद. ‘अजून छान दिसते’ हे कारण चालत नाही. आणि जिचं वय कुणालाच आठवत नाही ती म्हातारीच समजायची.

2. रिकामी असताना तपासा (इथेच मी फसले होते)

वापर कमी म्हणजे आयुष्य जास्त, हा हिशेब रबराला लागू नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला खातच असतात, पिशवी माळ्यावर पडून असली तरी. माझी पहिली पिशवी लग्नानंतर आणलेली, वर्षातून चार-पाचदा निघायची. त्यामुळे ती नवीच, अशी माझी समजूत. एका रात्री भरली, बूच लावलं, उलटी करून हलवली, चारी बाजूंनी पाहिली. थेंब नाही. सासूबाई ती कंबरेखाली घेऊन उताण्या झोपल्या आणि दहा मिनिटांत ओरडल्या. मानेच्या मुळाशी बोटभर फाटली होती.

चूक कुठे झाली हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. मी भरलेली पिशवी पाहिली होती. दोन-तृतीयांश भरलेल्या पिशवीची मान काही ताणलेली नसते. चिरा असतात, पण मिटलेल्या. अंगाचा वजनदार दाब आला की त्या उघडतात. म्हणून तपासणी रिकाम्या आणि कोरड्या पिशवीची, दिवसाउजेडी, खिडकीत उभं राहून.

मान दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरा आणि मागे वाकवा, अगदी दुमडेपर्यंत. वाकवलेल्या भागावर तळपायाच्या भेगांसारख्या बारीक रेषा दिसल्या की काम संपलं, पिशवी टाकायची. रेषा केसाएवढ्या असल्या तरी टाकायची. मग तसंच मान पुढे, डावीकडे, उजवीकडे. त्यानंतर कडेचा जोड, खालचे दोन्ही कोपरे आणि टांगायच्या भोकाभोवतीचा भाग. शेवटी पोटावरच्या उभ्या पन्हळी: दोन पन्हळींमधली खाच बोटांनी फाकवून बघा, कारण चिरा नेमक्या तिथेच लपून बसतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर लवकर दिसतात.

डोळ्यांनी झालं की हाताने. रबर कडक, पुठ्ठ्यासारखं वाटतंय का? की उलट चिकट, बोटाला धरून ठेवणारं? दोन्ही वाईट. नवी पिशवी चुरगाळून सोडली की लगेच सरळ होते, म्हातारी घडी धरून बसते.

आता बूच. त्याच्याखालचं वॉशर चपटं झालं असेल किंवा तडकलं असेल तर बूच कितीही आवळा, ते पाझरणारच. पक्कडीने आवळणारे लोकही मी पाहिले आहेत. त्याने पिशवीच्या तोंडातले आटे जातात आणि मग काहीच उरत नाही.

इतकं करून शंका उरलीच तर थंड पाणी भरा, बूच लावा आणि मोरीत वर्तमानपत्रावर पिशवी आडवी ठेवून दोन्ही तळहातांनी दाबा. रात्रभर तिथेच राहू दे. सकाळी कागदावर ओल दिसली तर टाका. कागद कोरडा राहिला म्हणून मात्र तीन वर्षांच्या पिशवीला मुदतवाढ मिळत नाही. ‘एकदा गरम पाणी भरूनच बघू’ हा प्रयोग अजिबात नको.

पिशव्या लवकर का मरतात, याचं आपल्या घरांतलं मोठं कारण तेल. आपण काय करतो? आधी गुडघ्याला तेल चोळायचं, मग त्याच तेलकट गुडघ्यावर शेक. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. बामचंही तेच, शिवाय बाम लावलेल्या कातडीवर शेक दिला तर कातडीच पोळू शकते. शेक आधी, तेल नंतर, किंवा तेल पुसून मध्ये चांगलं जाड कापड. सासूबाईंना हे पटायला एक आख्खी पिशवी आणि दोन हिवाळे लागले.

3. पाणी किती गरम

उकळतं पाणी कधीच थेट ओतायचं नाही. ते रबराचं वय खातं, आणि पिशवी फाटली तर साठ अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत खोलवर भाजतं. मी मापाने मिसळते: उकळलेलं दोन भांडी, नळाचं एक. हे सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास येतं आणि जाड खोळीतून घ्यायला ठीक असतं. घरात म्हातारं माणूस असेल तर निम्मं-निम्मं.

ओतताना पिशवी हातात लटकवून धरू नका. ती बेसिनमध्ये ठेवायची, मान जाड फडक्याने धरायची आणि हळूहळू ओतायचं, नाहीतर आतली हवा गरम पाणी उडवत बाहेर येते. दोन-तृतीयांशावर थांबा. मग पिशवी ओट्यावर हळूच आडवी करा, पाणी तोंडाशी दिसलं की हवा गेली, बूच लावा. पुसा, उलटी करा, खोळ घाला. खोळ नसेल तर जुना टॉवेल दुहेरी.

4. शेक घेताना

पिशवीवर झोपायचं नाही, बसायचं नाही. ती अंगावर ठेवायची. कंबर शेकायची तर कुशीवर वळा आणि पिशवी पाठीमागे उशीने टेकवा. रात्री अंथरूण गरम करायला ठेवली असेल तर झोपण्याआधी बाहेर काढा. एकाच जागी वीसेक मिनिटं पुरेत. रोज तासन्‌तास शेकलं की कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. तसे डाग दिसले तर शेक बंद करून डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांच्या पायाला पिशवी लावूच नका. सासूबाई ‘लागतच नाही गं गरम, अजून भर’ म्हणायच्या. त्या वाक्याचा अर्थ पाणी गार आहे असा नव्हता, तो पाय गरम ओळखत नव्हता. हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी मुकाट्याने अजून गरम भरून देत होते. तान्ह्या बाळाच्या अंथरुणातही ती नको.

5. फुटलीच तर

भिजलेले कपडे आधी काढा. ते गरम पाणी अंगाशी धरून ठेवतात. मी त्या रात्री मलम शोधत कपाटं उघडत होते आणि सासूबाईंचं ओलं लुगडं तसंच कंबरेला होतं. जखमेवरचं ड्रेसिंग तीन आठवडे चाललं, त्यातला बराचसा भाग माझ्या त्या धावपळीचा. कापड कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढू नका. नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड मोठे असतील, किंवा मूल, म्हातारं माणूस अथवा मधुमेही असेल तर थेट दवाखाना.

6. ठेवणं

पाणी काढा, बूच उघडं ठेवून सावलीत उलटी निथळू द्या. सुकली की किंचित हवा राहू द्या, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. उन्हात, गॅसजवळ किंवा गीझरवर ठेवायची नाही, आणि तिच्यावर काही रचायचं नाही.

7. टाकणं

जुनी पिशवी तशीच कचऱ्यात टाकू नका. कुणीतरी ‘चांगली तर आहे’ म्हणून उचलून घरी नेतं. ‘तुला हवी का?’ म्हणून कामवाल्या मावशींना देणं तर त्याहून वाईट. आपल्याला जी नको झाली ती त्यांच्या कंबरेखाली फुटायला का द्यायची? मानेपासून खालपर्यंत कात्रीने कापा. पोटाच्या पन्हळीदार भागाचा हाताएवढा चौकोन काढून ठेवला की लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण त्याने पटकन फिरतं. माझ्या ओट्याच्या खणात असे तीन आहेत, एक लाल, दोन निळे.