छेद असलेले समीकरण न चुकता कसे सोडवावे

३क्ष + ४ = १९ सोडवायला सांगितले, तर सातवी-आठवीतली बहुतेक मुले क्ष = ५ पटकन काढतात. छेद दिसले की तीच मुले अडतात. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि तडीस नेऊ:

(क्ष + ५)/१२ − (क्ष − १)/१८ = १

आधी ‘तिरकस गुणाकार करून टाका’ हा सल्ला बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तरच तो चालतो. इथे डावीकडेच दोन आहेत. ही अट न सांगता मुलांना तिरकस गुणाकाराची सवय लावली जाते, याचा मला खरोखर राग येतो.

छेदांचा लसावि काढा. १२ = २ × २ × ३ आणि १८ = २ × ३ × ३. प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्त वेळा आला असेल, तितक्या वेळा घ्यायचा: २ × २ × ३ × ३ = ३६. नुसता १२ × १८ = २१६ घेतला तरी उत्तर तेच येते, पण आकडे उगाच फुगतात.

प्रत्येक पदाला ३६ने गुणा. सगळे गणित इथे अडते. शाळेत मीही याच पायरीवर अडखळत असे, त्यामुळे इथे घाई करू नका.

अपूर्णांकाची आडवी रेघ म्हणजे न लिहिलेला कंस असतो. रेघ गेली की तो कंस लिहावाच लागतो:

३(क्ष + ५) − २(क्ष − १) = ३६

ही ओळ वहीत लिहायचीच. ‘तोंडी होतंय’ म्हणून ती गाळणारी हुशार मुलेच इथे गुण घालवतात. दुसऱ्या कंसाआधी उणे आहे, म्हणून आतल्या दोन्ही पदांची चिन्हे बदलतात: −२ गुणिले −१ म्हणजे +२.

३क्ष + १५ − २क्ष + २ = ३६

तिथे −२ लिहिले, तर क्ष = २३ येते आणि वरवर पाहता त्यात काहीच खटकत नाही. आणखी एक खाच उजव्या बाजूच्या १ची. त्याला छेद दिसत नाही, म्हणून तो गुणायचा राहून जातो. सुरुवातीलाच तो १/१ असा लिहून ठेवा.

पुढचे सोपे आहे: क्ष + १७ = ३६. दोन्ही बाजूंतून १७ वजा करा, क्ष = १९.

ताळा मूळ समीकरणातच घ्या, मधल्या ओळीत नको. मधली ओळच चुकलेली असेल, तर तिथे चुकीचे उत्तरही जुळते. २४/१२ − १८/१८ = २ − १ = १, जुळले. ताळ्यावरून चूकही सापडते. उजवीकडचा १ गुणायचा राहिला असेल, तर क्ष = −१६ येते आणि ताळ्यात डावी बाजू नेमकी १/३६ निघते. ३६ने काय गुणायचे राहिले, हे तिथेच कळते.

आता हे स्वतः सोडवा:

(२क्ष − १)/१५ − (क्ष − ४)/१० = १/२

लसावि तिन्ही छेदांचा काढायचा, तो ३० येतो. उत्तर ५ आहे. २९ आले, तर दुसऱ्या कंसापाशी परत जा.