ईआरकेचा वेस्टर्न ब्लॉट : या चुका टाळा

डाळिंबाच्या सालीचा अर्क पेशींवर टाकायचा आणि ईआरके (पेशीत वाढीचे संदेश पोचवणारं प्रथिन) वाढला की घटला ते पाहायचं, असे एमएस्सीचे प्रकल्प सोलापुरात सहज सुचतात. डाळिंब इथलंच, साल फुकटात मिळते. पण ईआरके हा कायनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) कामाला लागला आहे की नाही, हे त्याच्यावर बसलेल्या दोन फॉस्फेटांवरून ठरतं. ते मिनिटांत येतात आणि मिनिटांत जातात, म्हणून बहुतेक वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) जेलवर चढण्याआधीच बिघडलेले असतात.

आधी नावांचा घोळ मिटवा. एमएपीके१ या जनुकाचं प्रथिन म्हणजे ईआरके२, आणि ईआरके१ येतो एमएपीके३ पासून. पहिलं जनुक २२ व्या गुणसूत्रावर, दुसरं १६ व्या. ईआरके२ मध्ये ३६० अमिनो आम्लं, पट्टी ४२ किलोडाल्टनवर. ईआरके१ मध्ये ३७९, पट्टी ४४ वर. आकडा जुळवून प्रायमर किंवा एसआय-आरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) मागवला की भलतंच जनुक हाती येतं. फॉस्फेटच्या जागांचंही तसंच : माणसाच्या ईआरके२ मध्ये थ्रिओनिन १८५ आणि टायरोसिन १८७, पण उंदराच्या क्रमांकांवर लिहिलेल्या जुन्या लेखांत त्याच जागा १८३ आणि १८५ असतात. म्युटंट प्लास्मिड वापरण्याआधी क्रमांक कोणत्या प्राण्याचे ते बघाच.

क्यूपीसीआर या आरएनए मोजण्याच्या चाचणीत एमएपीके१ चा आरएनए वाढला म्हणून ‘ईआरके मार्ग सक्रिय झाला’ असं लिहू नका. सक्रियता फॉस्फेटवर असते, आरएनएच्या प्रमाणावर नाही. आरएनएच मोजायचा असेल तर ईआरके जागा झाल्यावर वाढणारी एफओएस किंवा डीयूएसपी६ ही जनुकं मोजा.

पेशी निवडताना एवढं ध्यानात घ्या की ए३७५ आणि एचटी-२९ या पेशींत ईआरकेच्या वरच्या टप्प्यावरच्या बीआरएएफ कायनेजला सतत चालू ठेवणारा व्ही६००ई बदल आहे. त्यांना कितीही उपाशी (सीरमशिवाय) ठेवा, फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट बसलेला ईआरके) चढलेलाच राहतो. उद्दीपन दाखवायचं असेल तर हेला पेशी बऱ्या : १६ ते १८ तास सीरमशिवाय, मग १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ईजीएफ (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन). पट्टी ५ ते १० मिनिटांत सर्वांत गडद दिसते आणि तासाभरात बरीच उतरते. २४ तासांनी एकच नमुना काढून ‘काही परिणाम नाही’ म्हणणं ही फार मोठी चूक, आणि ती फार जण करतात.

शेवटच्या क्षणी माध्यम बदलू नका, नुसत्या ढवळण्यानेही ईआरके जागा होतो. ईजीएफ थोड्या आकारमानात, आधीच्याच माध्यमात मिसळा. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा टेबलावर ठेवलेली बाटली ‘रूम टेंपरेचर’ची राहत नाही. उष्णतेच्या ताणाने पी३८ आणि जेएनके हे भाऊबंद कायनेजही उठतात. माध्यम ३७ अंशांच्या वॉटर बाथमधूनच घ्या.

अर्काची स्वतःची एक खोड आहे. सालीतली पॉलिफिनॉल माध्यमातच ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि पेरॉक्साइडनेही ईआरके चढतो. म्हणून प्लेटच्या एका विहिरीत (खळग्यात) अर्कासोबत कॅटलेज हे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम घाला. परिणाम नाहीसा झाला तर तो अर्काचा नव्हे, पेरॉक्साइडचा होता. अर्क विरघळवणारं डीएमएसओ सर्व विहिरींत सारखं, ०.१ टक्क्याच्या आत ठेवा.

पेशी फोडण्याची पायरी सर्वांत नाजूक. माध्यम काढा, बर्फासारख्या थंड पीबीएस या क्षार-द्रावणाने दोनदा धुवा आणि लगेच पेशी फोडणारं रिपा बफर घाला. त्यात फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम) रोखायला सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर आणि ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम रोखायला पीएमएसएफ १ मिलिमोलर अगदी शेवटी, कारण पाण्यात ते तासा-दोन तासांत निकामी होतं. व्हॅनाडेट नुसतं विरघळवून चालत नाही. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा, पिवळं झालं की रंग जाईपर्यंत उकळा, थंड करून पीएच पुन्हा १० वर आणा. रंगहीन राहून पीएच टिकेपर्यंत हेच करत राहायचं.

ब्लॉटसाठी नमुने पुण्याला न्यायचे असतील तर बर्फावर विसंबू नका, अडीचशे किलोमीटरच्या वाटेत तो वितळतो. बीसीए या रंगचाचणीने प्रथिन मोजा, मग लेम्ली बफर (जेलवर चढवण्याचं द्रावण) घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा. त्यातलं एसडीएस हे डिटर्जंट आणि उष्णता यांनी फॉस्फेटेज मरतात, मग प्रवासाची भीती फारशी उरत नाही. क्रम उलटा करू नका, लेम्लीतलं मरकॅप्टोइथेनॉल बीसीएला चुकवतं.

जेल १० टक्क्यांचं, प्रत्येक लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम. उन्हाळ्यात ते ओतता ओतताच घट्ट होतं. जेल घट्ट करणारी रसायनं बेतानेच घाला : १० मिलिलिटरला १० टक्के एपीएस १०० मायक्रोलिटर आणि टेमेड ४ मायक्रोलिटर पुरे. ४२ आणि ४४ च्या पट्ट्या सुट्या हव्या असतील तर डाय (सर्वांत पुढे धावणारा रंग) बाहेर गेल्यावरही जेल थोडं चालू द्या. ट्रान्सफर (प्रथिनं जेलमधून पडद्यावर उतरवणं) १०० व्होल्टवर तासभर, बर्फाची पिशवी मध्येच एकदा बदलून. बफरसाठी बोअरचं जड पाणी अजिबात नको.

ब्लॉकिंगला (पडद्याची रिकामी जागा प्रथिनाने झाकायला) दूध टाळा. त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, त्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. टीबीएसटी या धुण्याच्या बफरमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या. पट्टी अजिबात दिसत नसेल तर आधी सोडियम अझाइडचा संशय घ्या, ते अँटिबॉडीला जोडलेलं, पट्टी दिसायला लावणारं एचआरपी एन्झाइम बंद पाडतं.

लोडिंग कंट्रोल (सर्व लेनमध्ये सारखं प्रथिन आहे हे दाखवणारी पट्टी) म्हणून बीटा-अ‍ॅक्टिन सवयीने लावलं जातं, पण तेही ४२ किलोडाल्टनचं! नीट स्ट्रिप न झालेल्या (आधीची अँटिबॉडी पूर्ण न निघालेल्या) पडद्यावर कोणती पट्टी कोणाची हे सांगता येत नाही. व्हिन्क्युलिन लावा. फॉस्फो-ईआरके मात्र एकूण ईआरकेनेच भागायचा, आणि फॉस्फोची पट्टी आधी घ्यायची.

एमईके (ईआरकेवर फॉस्फेट बसवणारा कायनेज) रोखणारं यू०१२६, १० मायक्रोमोलर, ईजीएफच्या अर्धा तास आधी घालून पट्टी गेली पाहिजे. गेली नाही तर अँटिबॉडी तपासा. युलिक्सर्टिनिबसारखं थेट ईआरकेला रोखणारं औषध वापरलं तर उलट दिसतं. फॉस्फो-ईआरके वाढतो, पण कायनेजचं काम बंद असतं. अशा वेळी पुढच्या टप्प्यावरचा फॉस्फो-आरएसके (ईआरके ज्यावर फॉस्फेट बसवतो तो कायनेज) पाहा.