पाणबुडीच्या गेमसाठी कप्तानाची डायरी: या चुका टाळा

पाणबुडीचा सिम्युलेशन गेम खेळणाऱ्यांपैकी बरेच जण कधी ना कधी हाताने डायरी लिहायला घेतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मोहिमेत सोडून देतात. कारण विचारलं तर वेळ नाही म्हणतात. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. वहीत गेमने दाखवलेलं सगळं उतरवलेलं असतं आणि कप्तानाला काय माहीत होतं ते कुठेच नसतं. असली वही पुन्हा उघडावीशी वाटत नाही.

सगळ्यात मोठी चूक बाहेरच्या कॅमेऱ्याची. जहाज फुटलं की लगेच कॅमेरा बाहेर काढायचा, नाव वाचायचं, टनेज बघायचं आणि वहीत लिहायचं: '६,४३० टन, बुडालं.' पेरिस्कोपमधून रात्री एवढं दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातले कप्तान टनेज अंदाजानेच लिहीत, आणि तो अंदाज बऱ्याचदा फुगलेला निघे. 'मध्यम मालवाहू, अंदाजे ५,००० टन, मागचा भाग पाण्याखाली, ०२:२० नंतर दिसलं नाही' ही नोंद खरी. बुडालं की नाही ते बंदरात परतल्यावर कळेल तेव्हा वेगळ्या शाईने लिहा. जाता जाता: व्यापारी जहाजांचं हे 'टनेज' म्हणजे वजन नव्हे. आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, १०० घनफुटांना एक टन. त्यामुळे जहाज भरलेलं होतं की रिकामं हे टनेजवरून कळत नाही, पाण्यात किती खोल बसलंय यावरून कळतं. तीच गोष्ट वहीत हवी.

दुसरी चूक वेळेची. आयर्विन पुलाशी पाणी चढायला लागलं की सांगलीकर 'पूर येतोय' एवढ्यावर थांबत नाही. किती वाजता किती फूट होतं आणि आता किती आहे, हे विचारतो, कारण ४५ फुटांची धोक्याची पातळी त्याच्या डोक्यात पक्की असते. डायरीतही वेळेशिवाय नोंद म्हणजे नुसती गप्पा. पण वेळ कुठली? भिंतीवरच्या घड्याळाची तर नक्कीच नाही. जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्याशी गेल्या तरी घड्याळ जर्मनीचंच ठेवत. तिथला सूर्यास्त त्यांच्या नोंदीत मध्यरात्रीच्या आसपास पडायचा. तुमच्या गेममधलं घड्याळ जागेप्रमाणे सरकतं की मोहिमभर एकच राहतं, हे लांबच्या पहिल्याच मोहिमेत सूर्योदय बघून तपासा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नंतर बदलू नका.

वेळ पळवण्याचा वेग हा याच चुकीचा धाकटा भाऊ. 'सायलेंट हंटर ३' या पाणबुडीच्या गेममध्ये वेळ १,०२४ पट पळवता येते. त्या वेगात समुद्रातला अख्खा दिवस दीड मिनिटाच्या आत संपतो. एवढ्यात पेनाचं टोपणही निघत नाही, आणि वहीत चार दिवस कोरे राहतात. उपाय सोपा: दर चार तासांनी नाही जमलं तरी गेममधल्या दर दुपारी बारा वाजता वेळ नेहमीच्या वेगावर आणा आणि एक ओळ लिहा. ठिकाण, वारा, समुद्र, दृष्टिटप्पा, इंधन, शिल्लक टॉर्पेडो. 'काही घडलं नाही' हीसुद्धा नोंदच आहे. सात-सी प्रकारची जर्मन पाणबुडी १० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) साधारण ८,५०० सागरी मैल जाते. म्हणजे दिवसाला २४० मैल. रोजची ओळ असेल तर परतीचं इंधन कधी संपणार हे बोटावर मोजता येतं, नसेल तर फ्रान्सजवळच्या बिस्केच्या उपसागरात तरंगत बसायची वेळ येते. बॅटरीचंही तेच. पाण्याखाली ४ नॉटने सुमारे ८० मैल, म्हणजे वीस तास. किती वाजता डुबकी मारली हे लिहिलेलं नसेल तर वर कधी यायचं ते कसं ठरवणार?

आता मुख्य दुखणं: टॉर्पेडो चुकतात आणि का ते कळत नाही. इथे डायरी नुसती हौस राहत नाही. बहुतेक वह्यांमध्ये फक्त 'चुकला' असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी सोडण्यापूर्वीच चार आकडे लिहा: लक्ष्याचा वेग, अंतर, त्याच्या नाळेचा (पुढच्या टोकाचा) आपल्याशी कोन, टॉर्पेडोचा वेग. सोडल्यावर स्टॉपवॉच चालू.

विजेवर चालणारा टॉर्पेडो ३० नॉटने जातो, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा मीटरच्या आसपास. अंतर १,५०० मीटर धरलं असेल तर ९७ सेकंदांनी धडाका व्हायला हवा. तो ११० सेकंदांनी झाला तर खरं अंतर १,७०० होतं. नशिबाने लागला, पण तुमचं अंतर मोजणं कच्चं आहे. आणि जहाजाच्या मागून गेला तर? समजा लक्ष्य काटकोनात जातंय, तुम्ही वेग ६ नॉट धरला आणि खरा होता ८. त्या ९७ सेकंदांत जहाज तुमच्या हिशेबापेक्षा १०० मीटर पुढे सरकलं. १३० मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम असेल तर मागचं टोक ६५ मीटरवर, म्हणजे टॉर्पेडो ३५ मीटर मागून गेला. पाच-सहा हल्ल्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि बहुतेक मागूनच गेलेले दिसले, तर वेग कमी धरण्याची खोड लागलीय. पुढून जात असतील तर उलट. मग वेग मोजण्याची पद्धत बदला: ३ मिनिटं १५ सेकंदांत लक्ष्य किती मीटर सरकलं ते नकाशावर मोजा आणि १०० ने भागा, नॉट मिळाले.

सगळा दोष स्वतःवर घेऊ नका मात्र. १९४० च्या नॉर्वे मोहिमेत जर्मन टॉर्पेडोच नादुरुस्त होते, ठरल्यापेक्षा खोल जायचे, चुंबकीय पिस्तूल (टॉर्पेडोचा स्फोट घडवणारा भाग) भलत्याच वेळी पेटायचं किंवा पेटायचंच नाही. काही गेममध्ये हेही घातलेलं असतं. म्हणून खोली आणि पिस्तुलाचा प्रकार हे दोन रकाने जास्तीचे ठेवा.

वही कुठली? सायन्सच्या पोरांचं प्रॅक्टिकलचं जर्नल. एका बाजूला रेघा, समोरचं पान कोरं. कोऱ्या पानावर हल्ल्याची आकृती, रेघांवर नोंद. सांगलीत विश्रामबागेत कॉलेजजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, नाहीतर घरातल्या बारावी झालेल्या पोराचं अर्धं कोरं पडलेलं असतंच. जेल पेन नको. पावसाळ्यात दमट हाताखाली शाई पसरते आणि नेमके आकडे जातात. बॉलपेन किंवा पेन्सिल घ्या.

भाषेबद्दल फार सांगत नाही. कादंबरी लिहू नका एवढंच. 'काळाकुट्ट समुद्र खवळला होता' यातून वाऱ्याचा जोर कळत नाही. अशी नोंद पुरते (वारा आणि समुद्रापुढचे आकडे म्हणजे त्यांचा जोर, बेअरिंग म्हणजे दिशेचा कोन):

०६:४०. वारा वायव्य ४, समुद्र ३, दृष्टिटप्पा चांगला. बेअरिंग ०४० ला धूर. कोर्स ०७० घेतला.
०७:१५. एकटं व्यापारी जहाज, वेग अंदाजे ७, वळणं घेत नाही. डुबकी.

डोक्यावर डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) पडत असताना आईने जेवायला हाक मारली तर ते समासात पेन्सिलीने लिहा, मुख्य नोंदीत नको.

राहिला सेव्हचा घोळ. लाईट गेली, गेम बंद पडला, मागच्या सेव्हवरून पुन्हा सुरू केला. वहीत मात्र पुढचे दोन दिवस लिहिलेले. पान फाडू नका. तिरकी रेघ मारा, खाली नवी वेळ टाकून पुढे लिहा. पाण्याखाली किंवा ताफ्याजवळ असताना केलेले सेव्ह 'सायलेंट हंटर ३'मध्ये बिघडतात, हे जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे. मोकळ्या समुद्रात, वर आल्यावर सेव्ह करा. आणि हरलो म्हणून मागचा सेव्ह उघडणार असाल तर तसंच स्पष्ट लिहा, नाहीतर तुमच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा निघेल.

मोहीम संपली की वही दुसऱ्या खेळणाऱ्याला द्या. प्रत्यक्षातही परतल्यावर कप्तानाची युद्ध-डायरी वरच्या मुख्यालयात वाचली जायची आणि शेवटी तिथला शेरा पडायचा. मित्राला लाल पेन द्या आणि सांगा, स्तुती नको, '०७:१५ ला वेग एकदाच का मोजला?' असले प्रश्न हवेत.